कार्बनच्या मापात पाप

मोटारींच्या कार्बनवरचा वाद सध्या दोनच प्रश्नांभोवती फिरतो आहे. पेट्रोल-डिझेल गाड्यांवर बंदी कोणत्या साली घालायची, हा पहिला. आणि इलेक्ट्रिक गाडी खरोखर स्वच्छ की तो नुसता देखावा, हा दुसरा. युरोपात २०३५ या एका सालावरून सरकारे एकमेकांशी भांडतात. भारतात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कॅफे नियमांच्या, म्हणजे कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधन खर्चावरच्या मर्यादेच्या, तिसऱ्या टप्प्याचा मसुदा आला, तर सगळी चर्चा ९०९ किलोंपर्यंतच्या छोट्या गाड्यांना दिलेल्या सवलतीवर अडकली. एक बाजू म्हणाली, सामान्य माणसाची गाडी वाचवा. दुसरी म्हणाली, हा एका कंपनीसाठी शिवलेला अंगरखा आहे. ज्या सूत्रामुळे ही सवलत द्यायची वेळ आली, त्या सूत्राबद्दल मात्र दोन्ही बाजू गप्प. खरी गोम तिथेच आहे. सरकारने उत्सर्जनाला मर्यादा घालावी, कडक घालावी, यात मला शंका नाही. पण आजचे बहुतेक नियम जड गाडीला जास्त धूर सोडायची मुभा देतात, धूर मोजतात तो प्रयोगशाळेत, आणि मग मोजलेल्या आकड्यालाही सवलतींचे गुणक लावून आणखी पातळ करतात. हे तीन दोष तसेच ठेवून बंदीची तारीख पाच वर्षे अलीकडे आणली काय किंवा पलीकडे नेली काय, हवेला फारसा फरक पडणार नाही.

आधी, नियमांनी काही होतच नाही, तंत्रज्ञान आपसूक सुधारते, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा. तो अगदीच पोकळ नाही, कारण दात नसलेले नियम खरोखरच निरुपयोगी ठरले आहेत. १९९८ मध्ये युरोपातील मोटार उत्पादकांनी स्वेच्छेने शब्द दिला होता की २००८ पर्यंत नव्या गाड्यांची सरासरी किलोमीटरला १४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडवर आणू. ती आली नाही. मग २००९ मध्ये कायदा झाला: २०१५ ला १३० ग्रॅम, पुढे ९५ ग्रॅम, आणि मर्यादा ओलांडली तर प्रत्येक गाडीमागे, प्रत्येक ग्रॅममागे ९५ युरो दंड. यानंतर काय झाले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. २०१६ मध्ये सरासरी ११८ ग्रॅम होती. ती घटण्याऐवजी दरवर्षी थोडी थोडी वाढत २०१९ मध्ये १२२ वर गेली. २०२० मध्ये ९५ ग्रॅमची मर्यादा लागू झाली आणि त्या एका वर्षात सरासरी १०८ च्या खाली आली. प्लग लावून चार्ज होणाऱ्या गाड्यांचा विक्रीतील वाटा साडेतीन टक्क्यांवरून अकरा टक्क्यांवर गेला. तंत्रज्ञान काय एका डिसेंबरात जन्माला आले? गाड्या तयार होत्या, फक्त त्या विकायची घाई कुणाला नव्हती. अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरातील विषारी वायू ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितले, तेव्हाही हे अशक्य असल्याचा गजर झाला होता. मुदती पुढे ढकलल्या गेल्या हे खरे, पण १९७५ पासून धुरातले विष कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सरसकट बसू लागला. याउलट कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये फर्मान काढले की १९९८ पर्यंत दोन टक्के गाड्या धूररहित हव्यात, आणि १९९६ मध्ये ते टप्पे स्वतःच मागे घेतले. बंदीच्या तारखांवर विसंबून राहणाऱ्यांनी हा दाखला जवळ ठेवावा.

आता सूत्राकडे. युरोपच्या ९५ ग्रॅमच्या नियमात सर्वांना ९५ ची मर्यादा नव्हतीच. कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन घ्यायचे, त्यातून बाजाराचे सरासरी वजन, म्हणजे सुमारे १,३८० किलो, वजा करायचे, उरलेल्याला ०.०३३३ ने गुणायचे आणि तो आकडा ९५ मध्ये मिळवायचा. सरासरी १,००० किलोंच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीला त्यामुळे ८२ ग्रॅमची मर्यादा मिळते, १,५०० किलोवालीला ९९ ग्रॅमची. म्हणजे जी आधीच कमी इंधन जाळते तिच्यावर जास्त कडक नियम. एवढ्यावर थांबले असते तरी समजून घेता आले असते, पण हे सूत्र अभियंत्याच्या टेबलावर काय करते ते बघा. एखाद्या गाडीतून १०० किलो काढायचे ठरले. त्यासाठी जास्त ताकदीचे पातळ पोलाद वापरावे लागते, बॉनेट आणि दरवाजे ॲल्युमिनियमचे करावे लागतात, सीटचे सांगाडे बदलावे लागतात. हे सगळे महाग काम. इंजिन आणि गिअर तेच ठेवले तर चाचणीत साधारण चार ग्रॅमची बचत दिसते. इंजिन लहान करून सगळे नव्याने जुळवले तर सात-आठ ग्रॅमपर्यंत. पण गाडी १०० किलोंनी हलकी झाली की तिची मर्यादाही ३.३ ग्रॅमने खाली येते. कमावलेल्यातले बरेचसे सूत्रच काढून घेते. भारताचे सूत्र तर याहून तिरके आहे. तिथे दर किलोमागे १०० किलोमीटरला ०.००२ लिटरची मुभा आहे. १०० किलोंमागे ०.२ लिटर, म्हणजे ४.७ ग्रॅम. वजन घटवून सरळ मार्गाने जेवढे मिळते, तेवढे सगळे गेले. मग वजन कमी करायच्या भानगडीत कोण पडेल? युरोपातील नव्या गाडीचे सरासरी वजन २००१ मध्ये सुमारे १,२७० किलो होते. वीस वर्षांनी ते दीड हजारांच्या पुढे गेले. याचा सारा दोष सूत्राला देता येणार नाही. लोकांना उंच गाड्या आवडू लागल्या, सुरक्षेची उपकरणे वाढली, बॅटऱ्या आल्या. पण या वाढीला लगाम घालण्याचे साधन ज्याच्या हातात होते, त्यानेच लगाम सैल सोडला.

९०९ किलोंच्या सवलतीचा उगम हाच. आधी हलक्या गाडीवर अन्याय करणारे सूत्र लिहायचे, मग त्या अन्यायावर ठिगळ म्हणून तीन ग्रॅमची सूट द्यायची. ठिगळाला कड असते आणि कडेवरच गडबड होते. त्या मसुद्यात ९०९ किलोंची गाडी सवलतीत होती, ९१० ची बाहेर. जपानने इंधन बचतीच्या नियमांत वजनाचे टप्पे केले होते. पुढच्या टप्प्यात गेले की नियम सैल, म्हणून कितीतरी मॉडेलांचे वजन नेमके टप्प्याच्या उंबरठ्याच्या जेमतेम पलीकडे जाऊन थांबलेले अभ्यासकांना दिसले. उंबरठा गाठण्यासाठी गाड्या मुद्दाम जड केल्या गेल्या. ९०९ च्या बाबतीत दिशा उलटी असेल, एवढाच फरक. वजन खाली खेचायला काही किलो कमी पडत असतील तर पहिल्यांदा काय निघेल, स्टेपनी की आवाज अडवणारे अस्तर, याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको. भारताला लांबीच्या कडेचाही अनुभव आहेच: २००६ मध्ये चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करसवलत मिळाली आणि पाठोपाठ डिकी छाटलेल्या सेडान गाड्या रस्त्यावर आल्या. त्या गाड्या ग्राहकाने मागितल्या नव्हत्या, त्या अर्थसंकल्पाने काढल्या होत्या.

माझे म्हणणे असे की वजनाचा उतार, म्हणजे वजन वाढले की मर्यादा किती सैल होते ते प्रमाण, शून्यावर आणावा. एकच मर्यादा, सर्व कंपन्यांना सारखी. यावरचा सर्वात वजनदार आक्षेप न्यायाचा आहे. मोठ्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्या म्हणतील, आमचा ग्राहकच सात माणसांचे कुटुंब आहे, खडबडीत रस्त्यावरचा आहे. आमची तुलना छोट्या गाड्यांच्या कंपनीशी कशी करता? युरोपात कायदा घडत होता तेव्हा हेच भांडण जर्मनी आणि फ्रान्स-इटली यांच्यात झाले, आणि तडजोड म्हणून बाजारात वजनाबरोबर कार्बन प्रत्यक्षात जितका वाढतो, त्याच्या ६० टक्के उतार ठेवला गेला. म्हणजे ०.०३३३ या आकड्यामागे भौतिकशास्त्र कमी आणि वाटाघाटी जास्त. आक्षेपातले तथ्य मी मान्य करतो, एकाच प्रकारची गाडी विकणाऱ्या कंपनीला समान मर्यादा जाचक ठरेल. पण त्यावर उपाय नियमातच आहे. कंपन्यांना एकत्र येऊन सरासरी काढता येते. २०१९ मध्ये फियाट क्रायसलरने टेस्लाला पैसे मोजून तिच्या गाड्या आपल्या सरासरीत धरून घेतल्या. मोठी गाडी बनवायला कुणी मनाई केलेली नाही. तिच्या जादा कार्बनची किंमत तिच्या विक्रीत दिसावी, एवढेच. सात माणसांच्या कुटुंबाला सवलत द्यायची असेल तर ती कुटुंबाला कर कमी करून द्या, गाडीच्या वजनाला कशाला? आणि हा उतार कसा हवेतला आहे हे युरोपने स्वतःच दाखवून दिले. २०२५ पासूनच्या टप्प्यासाठी तो नव्याने काढला तेव्हा, जड गाड्यांत इलेक्ट्रिक गाड्या वाढलेल्या असल्यामुळे, तो उलटा आला. जितके सरासरी वजन जास्त, तितकी मर्यादा कडक. काल जे न्याय्य म्हणून सांगितले जात होते, ते आज आकडेमोडीने उलटले.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००२ च्या अहवालात बहुसंख्य सदस्यांनी म्हटले होते की इंधन बचतीच्या नियमांबरोबर गाड्या लहान-हलक्या झाल्या, त्याने १९९३ या एका वर्षात १,३०० ते २,६०० जादा मृत्यूंना हातभार लावला असावा. दोन सदस्य याच्याशी असहमत होते. आकडा थोडा कमी धरला तरी प्रश्न उरतोच. पण वजन वाचवते म्हणजे नेमके काय करते? टक्कर दोन गाड्यांची असेल तर जड गाडीच्या वेगात कमी बदल होतो आणि हलकीच्या वेगात जास्त. जड गाडीतल्या माणसाला मिळालेले संरक्षण समोरच्या गाडीतल्या माणसाच्या खात्यातून येते. पादचाऱ्याच्या आणि सायकलवाल्याच्या वाट्याला तर फक्त धोकाच येतो. जीव वाचतो तो चुरगळून धक्का शोषणाऱ्या पुढच्या भागाने, न दबणाऱ्या केबिनने, एअरबॅगने. त्यासाठी जागा लागते, वस्तुमान नव्हे. काही दुरुस्ती ठेवायचीच असेल तर ती चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठेवा, निदान हलके करण्याचे बक्षीस तरी शिल्लक राहील. अमेरिकेने नंतर तेच केले. पण तिथे दुसरेच भोक राहिले: ‘लाइट ट्रक’ नावाचा वेगळा, सैल वर्ग. १९७५ चा कायदा झाला तेव्हा हा वर्ग शेतकऱ्याच्या आणि गवंड्याच्या पिकअपसाठी होता. पुढे आसने काढून सपाट तळ करता येतो एवढ्या आधारावर क्रायसलरची पीटी क्रूझर ही चक्क हॅचबॅकसारखी गाडीही ट्रक ठरली. आज तिथे विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांपैकी ६० टक्क्यांहून अधिक कायद्याच्या लेखी ट्रक आहेत. शेतकरी एवढे वाढले का?

आता मोजमाप. चाचणीची पहिली पायरी प्रयोगशाळेत, गाडी जागच्या जागी पळवणाऱ्या रोलरवर होत नाही, मोकळ्या ट्रॅकवर होते; तिला कोस्टडाउन म्हणतात. गाडी ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास न्यायची, गिअर न्यूट्रलला टाकायचा आणि ती आपोआप मंदावताना प्रत्येक टप्प्याला किती सेकंद लागले ते टिपायचे. त्यावरून हवेचा आणि टायरचा रोध निघतो, आणि तोच रोध प्रयोगशाळेतल्या रोलरवर लावला जातो. इथे आकडा चुकला की पुढची सगळी चाचणी कितीही प्रामाणिक असली तरी फुकट. युरोपच्या जुन्या एनईडीसी पद्धतीत टायरमध्ये जास्त हवा भरायची, दरवाजांच्या फटींवर टेप लावायचा, रोलरवर चढवण्याआधी बॅटरी काठोकाठ भरून अल्टरनेटरचा भार टाळायचा, खोलीचे तापमान परवानगीच्या वरच्या टोकाला ठेवायचे, आणि शेवटी आलेल्या आकड्यातून चार टक्के कमी करून तो जाहीर करायचा, असे सगळे नियमाच्या चौकटीत बसवून होत असे. चाचणी वीस मिनिटांची, अकरा किलोमीटरची. २००१ मध्ये प्रत्यक्ष इंधन खर्च या चाचणीपेक्षा सुमारे ९ टक्के जास्त होता; २०१५ पर्यंत तो फरक ४० टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे कागदावरच्या घटीतला मोठा भाग चाचणी उत्तीर्ण होण्याच्या कौशल्याचा होता. ह्युंदाई आणि किया यांना २०१२ मध्ये अमेरिकेत मायलेजचे आकडे खाली आणावे लागले ते कोस्टडाउनच्या घोळामुळेच. मित्सुबिशीने २०१६ मध्ये कबूल केले की रोधाचे आकडे नियमाने ठरवलेल्या पद्धतीने काढलेच जात नव्हते, आणि तेही १९९१ पासून.

एनईडीसीच्या जागी २०१७ मध्ये आलेली डब्ल्यूएलटीपी चाचणी पुष्कळ बरी. तीस मिनिटे, २३ किलोमीटर, वेग १३१ पर्यंत. पण चाचणी कितीही सुधारली तरी ती परीक्षाच, आणि परीक्षेची तयारी करणारे शिकतच राहणार. यावर तोडगा गाडीतच बसवलेला आहे. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या गाडीच्या संगणकात आयुष्यभर जळलेले इंधन आणि कापलेले अंतर नोंदले जाते. त्या नोंदींतून २०२४ मध्ये जे बाहेर आले ते असे: साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या चाचणीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त कार्बन सोडतात, आणि प्लग-इन हायब्रिड, म्हणजे चार्ज होणारी बॅटरी आणि इंजिन दोन्ही असलेल्या गाड्या, साडेतीन पट. प्लग-इनचा घोटाळा समजायला सोपा आहे. नियमाने धरले होते की मालक रोज रात्री गाडी चार्जिंगला लावेल. कंपनीने दिलेली गाडी आणि कंपनीनेच दिलेले पेट्रोल कार्ड असलेला माणूस वायर कशाला शोधत बसेल? युरोपने आता हे गृहीतक टप्प्याटप्प्याने आवळले आहे. माझ्या मते गृहीतकच नको. तीन वर्षांच्या गाड्यांच्या प्रत्यक्ष नोंदी घ्या आणि कंपनीचा हिशेब त्यावर करा. दंड तीन वर्षे उशिरा लागेल, पण लागेल तो खऱ्या इंधनावर. खासगीपणाचा प्रश्न येतो, तर गाडी कुठे गेली हे कुणी विचारतच नाही. एकूण लिटर आणि एकूण किलोमीटर, दोन आकडे पुरतात.

इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत दोन्ही पक्ष अर्धेच बोलतात. युरोपचा नियम तिला शून्य धरतो, कारण तिला सायलेन्सर नाही. हिशेब करू. विजेच्या युनिटमागे ७०० ग्रॅम कार्बन असेल, जो कोळशावर चालणाऱ्या वीजजाळ्यात असतो, तर १०० किलोमीटरला १५ युनिट खाणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीचे किलोमीटरला १०५ ग्रॅम होतात. लिटरला २० किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी ११५ ग्रॅम जाळते, आणि तेल काढणे-शुद्ध करणे धरले तर १४० च्या आसपास. हलकी इलेक्ट्रिक गाडी अशा जाळ्यावरही जिंकते, आणि जाळे जसजसे स्वच्छ होईल तसतशी जिंकतच जाईल. पण अडीच टनांची, २३ युनिट खाणारी इलेक्ट्रिक गाडी त्याच जाळ्यावर १६० ग्रॅमवर जाते. दोघींना शून्य लिहिणारा नियम दुसरीला बक्षीस देतो. वर बॅटरी बनवतानाचा कार्बन आहेच. ६० युनिटांच्या बॅटरीसाठी चार-सहा टन. विरोधकांचा हा मुद्दा पूर्ण खरा आहे, फक्त त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात तो चुकीचा. उपाय इलेक्ट्रिक गाडी नाकारण्यात नाही, तिलाही युनिटांची मर्यादा घालण्यात आहे. फ्रान्सने अनुदानासाठी पोलाद, ॲल्युमिनियम, बॅटरी, जोडणी आणि वाहतूक यांचा कार्बन मोजून गुण द्यायला सुरुवात केली आहेच.

त्यात गुणकांची भर. समजा, कंपनीने ९० गाड्या १२० ग्रॅमच्या आणि १० इलेक्ट्रिक विकल्या. खरी सरासरी १०८. एक इलेक्ट्रिक गाडी तीन म्हणून मोजली, जशी भारतात मोजतात, तर भागाकार १०० ऐवजी १२० ने होतो आणि सरासरी येते ९०. अठरा ग्रॅम हवेत विरले, म्हणजे खरे तर हवेतच राहिले. बाजार सुरू व्हायच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अशी मदत क्षम्य आहे. पुढे ती उरलेल्या ९० गाड्या न सुधारण्याची परवानगी होते. चुकीच्या मापाची ठेच युरोपला डिझेलच्या बाबतीत आधीच लागली होती: कार्बनचे ग्रॅम तेवढे मोजले, इंधनावरचा करही कमी ठेवला, निम्म्याहून अधिक नव्या गाड्या डिझेलच्या झाल्या, आणि नायट्रोजन ऑक्साइडकडे कुणी पाहिले नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या १ कोटी १० लाख गाड्यांमधली चाचणी चुकवणारी प्रणाली उघडी पडली, तोवर शहरांची हवा जायची ती गेली होती.

अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, हा सगळा खटाटोप कशाला, इंधनावर कार्बन कर लावा. तत्त्वतः ते बरोबर आहेत. कर गाडीची निवड बदलतो, ती किती चालवायची हेही बदलतो, आणि त्याला चाचणी लागत नाही. पण फ्रान्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळी जाकिटे घातलेले आंदोलक इंधनाच्या करावरून रस्त्यावर आले आणि पुढच्या जानेवारीतली करवाढ मागे घ्यावी लागली. ब्रिटनने इंधनावरचा कर २०११ पासून वाढवलेला नाही. शिवाय नवी गाडी घेणारा पाच-सहा वर्षांनी ती विकतो; उरलेली दहा वर्षे तिचे पेट्रोल भरणाऱ्याला ती निवडताना कुणी विचारलेले नसते. म्हणून निवडीच्या क्षणी लागणारा कर हवा. नॉर्वेमध्ये नोंदणी कर फार पूर्वीपासून कार्बनबरोबर वजनावरही आहे, आणि २०२३ पासून इलेक्ट्रिक गाडीलाही ५०० किलोंच्या पुढे वजनावर कर द्यावा लागतो; सुरुवातीला तो किलोमागे साडेबारा क्रोनर होता. जलविद्युत आणि तेलाचा पैसा असलेल्या देशाची नक्कल सर्वांना जमणार नाही, पण वजनावर कर लावायला धरण लागत नाही. फ्रान्सने २०२२ मध्ये १,८०० किलोंच्या पुढे किलोमागे दहा युरो लावले आणि मग उंबरठा खाली आणला. ही पद्धत मला सर्वात पटते. इथे टप्पा असला तरी कडा नाही, कारण उंबरठ्यापलीकडचा पहिला किलो दहाच युरोंचा.

उतार शून्यावर आणायला वेळ द्यावा लागेल, हे उघड आहे. एक मॉडेल सहा-सात वर्षे चालते. म्हणून आज अधिसूचना, दोन वर्षांनी उतार निम्मा, आणि पुढच्या टप्प्याच्या सुरुवातीला शून्य. गुणकही त्याच वेळापत्रकाने एकावर. पण दंडाचे काम थांबवून ठेवायचे कारण नाही. अमेरिकेने २०२५ च्या जुलैमध्ये कॅफेचा दंडच शून्य केला. मर्यादा पुस्तकात आहेत, ओलांडल्या तर काही नाही. भारतात २०२२ च्या दुरुस्तीने दंड आला, पण तोही पायऱ्यांचा: १०० किलोमीटरला ०.२ लिटरपर्यंत चुकलात तर गाडीमागे २५ हजार रुपये, त्यापुढे ५० हजार. एक थेंब चुकला तरी २५ हजार आणि ०.२ लिटर चुकले तरी तेवढेच, मग ०.०५ वर असलेल्या कंपनीने सुधारायचे कशाला? आणि ०.२ च्या आगेमागे असलेली कंपनी चाचणीच्या दशांशावर न्यायालयात जाईल. ०.२ लिटर म्हणजे ४.७ ग्रॅम, २५ हजार त्यावर वाटले तर ग्रॅममागे साधारण ५,३०० रुपये पडतात. हाच दर पहिल्या ग्रॅमपासून सरळ रेषेत, वर कुठेही न थांबता लावायला नवा टप्पा येण्याची वाट पाहावी लागत नाही.